रचना हव्यातच, पण पायऱ्या पाठ करायला नकोत

दहावीच्या पोरांचे पालक चार जण एकत्र जमले की हल्ली हा विषय निघतोच, भूमितीतल्या रचना ठेवायच्या कशाला? सीबीएसईची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीनं २०२२-२३ ला अभ्यासक्रम हलका केला तेव्हा नववी आणि दहावी दोन्हीतनं रचनांचा अख्खा धडा काढून टाकला, आणि आता आपल्या राज्य मंडळातही पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सीबीएसई पॅटर्न आणायचं ठरलंय, त्यामुळे कोल्हापुरात राजारामपुरीत क्लासच्या बाहेर गाड्या लावून थांबलेल्या लोकांना वाटतंय की आज ना उद्या आपल्याकडचा 'भौमितिक रचना' हा धडा पण जाणार, आणि गेला तर जाऊ दे की, कुणाचं काय अडतंय.

माझं म्हणणं असं की धडा राहिला पाहिजे. पण तो राहावा म्हणून जे लोक भांडतात त्यांचं कारण मला काढून टाका म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त खटकतं.

काढा म्हणणाऱ्यांचा मुद्दा निदान सरळ आहे. पट्टी-कंपास घेऊन आज कोण काय काढतो? आमच्या शिवाजी उद्यमनगरात जा, ड्रॉइंग कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर होतं, फाइल मशीनला जाते, मशीन मिलीमीटरचा शंभरावा भाग सांभाळतं. पोराच्या हातातला कंपास म्हणजे पेन्सिल ढिली, स्क्रू ढिला, वर्तुळ पूर्ण फिरून येईस्तोवर सुरुवातीची जागा चुकलेली. अचूकपणासाठी शिकवतोय म्हणाल तर ही लढाई केव्हाच हरलोय, त्यात वाद नाही.

ठेवा म्हणणारे काय म्हणतात, तर 'हातचे मार्क आहेत, कशाला घालवता.' म्हणजे पोराला प्रमेय येत नाही, समरूपता डोक्यावरनं जाते, पण रचना पाठ करून मार्क पडतात, तेवढीच टक्केवारी वर. आता हे पुस्तकाचं पाप नव्हे हं, बालभारतीच्या पुस्तकात प्रत्येक रचनेआधी कच्ची आकृती आहे, विश्लेषण आहे, ही रेघ इथनंच का जाते ते सांगितलंय. पण क्लासमध्ये ते पान उलटून थेट 'रचनेच्या पायऱ्या' चालू होतात, एक दोन तीन चार, लिहून घ्या, दहा वेळा काढा. केंद्रबिंदूचा वापर न करता वर्तुळाला स्पर्शिका काढायची ती रचना घ्या, फार देखणी आहे खरं तर, स्पर्शिका आणि जीवा यांच्यातला कोन म्हणजे समोरच्या कंसातला कोन, एवढ्या एका गोष्टीवर सगळा डोलारा उभा आहे. दहावी पास झालेल्या दहा पोरांना विचारून बघा तो कोन तिथं उचलून का ठेवला. 'सरांनी सांगितलंय म्हणून.' असं असेल तर गेलेलंच बरं, मी पण सही करतो.

मग ठेवायचं कशासाठी? यातले नियम काय आहेत ते आधी बघू, कारण शाळेत नियम कुणी सांगतच नाही. युक्लिडनं इसवीसनापूर्वी ३०० च्या आसपास जी तेरा पुस्तकं मांडली त्यात हत्यारं दोनच. एक सरळ पट्टी, तिच्यावर आकडे नाहीत, खुणा नाहीत, दोन बिंदू जोडायचे एवढंच तिचं काम. दुसरा कंपास, एका बिंदूवर टोक आणि दुसऱ्या बिंदूतनं वर्तुळ, आणि कागदावरनं उचलला की त्याचे पाय मिटतात, म्हणजे अंतर उचलून दुसरीकडं न्यायची पण परवानगी नाही. पहिल्याच पुस्तकात पहिली रचना समभुज त्रिकोणाची आहे आणि दुसऱ्याच रचनेत युक्लिड दाखवून देतो की मिटणाऱ्या कंपासनंही अंतर हलवता येतं, फक्त फिरून जावं लागतं. इतकी कंजूषी कशाला, असं पोरं विचारतात आणि विचारावंच. खासबागेत पैलवान हौद्यात उतरतो तेव्हा बंदूक आणली तर निकाल लवकर लागेल असं कुणी म्हणत नाही, म्हणलं तर कुस्तीच संपली. इथं पण तसंच आहे. हत्यारं बांधून घेतली की मग कळतं काय होतं, काय होत नाही, आणि का होत नाही.

हे 'का होत नाही' मला महत्त्वाचं वाटतं. ते कसं, ते एका जॉबवरनं सांगतो.

वर्कशॉपमध्ये जुना फिटर असेल तर तो गोल प्लेटवर सहा भोकं कशी मारतो बघा. प्लेटवर मार्किंगचा रंग फासतो, पीसीडीचं वर्तुळ ओढतो (भोकांचे मध्य ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी), डिव्हायडर त्याच त्रिज्येवर ठेवतो आणि वर्तुळावर उड्या मारत जातो, सहा उड्यांत बरोबर पहिल्या खुणेवर परत. मोजायला काही लागत नाही. कारण प्रत्येक उडीत दोन त्रिज्या आणि एक जीवा सारखी, समभुज त्रिकोण, ६० अंश, सहा वेळा ६० म्हणजे ३६०. चार भोकं, आठ भोकं, बारा भोकं सगळी दुभाजकानं निघतात. आमच्याकडं एकदा सात पात्यांच्या ब्लोअरचा हब आला होता, मी तिथल्या मिस्त्रींना म्हटलं, मामा, सात कशी काढायची? "सातला कंपास चालत न्हाई. सातला टेबल बघायचं, न्हाईतर फिरवून फिरवून बसवायचं." टेबल म्हणजे पीसीडीला ०.४३३९ नं गुणायचं, जीवा मिळाली. फिरवून म्हणजे अंदाजानं डिव्हायडर धरायचा, सात उड्या मारायच्या, जे उरेल त्याचा सातवा भाग वाढवायचा, परत फिरवायचं.

मामांना 'चालत नाही' हे अनुभवानं माहीत होतं. पण अनुभवानं फार तर एवढंच कळतं की आजवर कुणाला जमलं नाही. कधीच जमणार नाही, हे अनुभवातनं येत नाही.

आता जवळपास जाणाऱ्या युक्त्या आहेत बरं का. वर्तुळातल्या समभुज त्रिकोणाची अर्धी बाजू घ्या, ती सप्तकोनाची बाजू म्हणून खपते. २०० मिलीमीटरचा पीसीडी असेल तर खरी जीवा ८६.७८ आणि ही येते ८६.६०, म्हणजे एका उडीत ०.२ पेक्षाही कमी फरक, कागदावर पेन्सिलच्या रेघेत झाकून जाईल. पण सात उड्या मारल्या की शेवटची खूण पहिल्या खुणेच्या जवळजवळ १.३५ मिलीमीटर अलीकडं पडते, आणि तिथं बोल्ट बसत नाही. हे गणित दहावीचं पोरगं कॅल्क्युलेटरवर करू शकतं, त्रिकोणमिती त्याच पुस्तकात दोन धडे पुढं आहे.

आणखी एक गंमत. कोल्हापूर म्हणजे चित्रकारांचं गाव, इथं शाळेशाळेतनं पोरं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसतात, त्यात भूमितीचा भाग असतो. तिथं बहुभुज काढायची एक सर्वसाधारण पद्धत शिकवतात, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पण तीच. व्यासाचे जितके कोन हवेत तितके समान भाग करा, व्यासावर समभुज त्रिकोण उभा करून त्याच्या टोकापासून व्यासावरच्या दुसऱ्या खुणेतनं रेघ ओढा, ती पलीकडं वर्तुळाला जिथं छेदेल तिथनं व्यासाच्या जवळच्या टोकापर्यंत एक बाजू. तीन, चार, सहा या आकड्यांना ती तंतोतंत बरोबर येते. पंचकोनाला केंद्रातला कोन ७२ हवा तर ७१.९५ येतो, सप्तकोनाला ५१.४३ हवा तर ५१.५२ येतो. चित्राला चालतंय, एकदम चालतंय, माझी काही तक्रार नाही. पण पोराला कुणी सांगतं का, की बाबा ही अंदाजाची पद्धत आहे? पंचकोनाची शंभर टक्के अचूक रचना युक्लिडच्या चौथ्या पुस्तकात आहे आणि सप्तकोनाची अशी रचना जगात कुठंच नाही, हा फरक किती मोठा आहे! त्या ड्रॉइंगच्या कागदावर दोन्ही एकाच पद्धतीत गुंडाळून टाकलेत.

आता सातचं का होत नाही? १७९६ साली जर्मन गणिती गाउसनं, तेव्हा त्याला एकोणीस पण पूर्ण नव्हती, १७ बाजूंचा समबहुभुज पट्टी-कंपासनं निघतो हे दाखवलं. दोन हजार वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सात नाही, नऊ नाही, अकरा नाही, तेरा नाही, आणि एकदम सतरा! त्यानंतर १८३७ ला वांत्झेल नावाच्या विशीतल्या फ्रेंच पोरानं उलटी बाजू पक्की केली, कुठले निघूच शकत नाहीत ते. त्याच लेखात कोनाचे तीन समान भाग आणि घनाची दुप्पट, हे ग्रीकांपासून लटकलेले दोन प्रश्न पण निकालात निघाले. बिचाऱ्याचं नावसुद्धा बराच काळ कुणी घेतलं नाही.

कल्पना अशी आहे की पट्टी म्हणजे रेषा, कंपास म्हणजे वर्तुळ, आणि रेषा-वर्तुळ किंवा वर्तुळ-वर्तुळ छेदायचं म्हणजे वर्गसमीकरण सोडवायचं. गणित भाग १ मधलंच वर्गसमीकरण, दुसरं काही नाही. म्हणजे कितीही वेळा कंपास फिरवा, नवीन लांबी मिळते ती फार तर एका वर्गमुळाची, मग वर्गमुळातलं वर्गमूळ, असं. घनमूळ तिथं शिरतच नाही. सप्तकोनासाठी जी लांबी लागते ती x³ + x² − २x − १ = ० या समीकरणाचं मूळ आहे, तिसरा घात. आणि पूर्णांक सहगुणकांच्या अशा घनसमीकरणाला परिमेय मूळ नसेल तर त्याचं कुठलंच मूळ नुसत्या वर्गमुळांनी बांधता येत नाही. एवढं एक वाक्य उसनं घ्यायचं, ते कॉलेजात सिद्ध करता येईल, पुढचं पोरगं स्वतः करतं. परिमेय मूळ असलंच तर ते १ किंवा −१ असणार, घालून बघा, १ घातला की −१ येतं, −१ घातला की १ येतं, शून्य येत नाही. झालं! मामांच्या 'चालत न्हाई'ला कायमची पावती मिळाली. २० अंशाच्या कोनाला x³ − ३x − १ = ० येतं, तिथंही हीच दोन ओळींची तपासणी, म्हणजे ६० चे तीन भाग होत नाहीत. आणि आपल्या पुस्तकातल्या रचनांत ४०° सारखे कोन बिनधास्त दिलेले असतात, कोनमापक लावा आणि काढा! पूर्ण अंशातले कोन घेतले तर ३ च्या पटीतलेच तेवढे पट्टी-कंपासनं निघतात. कंपासपेटीतल्या कोनमापकावर १° ची जी पहिली रेघ आहे ती त्याच पेटीतल्या कंपासनं अचूक काढता येत नाही. हे पोराला सांगा आणि तोंड बघा त्याचं.

आता सॉफ्टवेअरचा मुद्दा. जिओजेब्रा मला आवडतं, बिंदू धरून ओढला की अख्खी आकृती हलते, हे फळ्यावर कुठल्या सरांना जमणार. पण त्यात बहुभुजाचं बटण आहे, ७ टाका, सात बाजू हजर, १७ टाका, सतरा बाजू हजर. दोन्ही सारखेच दिसतात, दोन्ही आकडेमोडीनं काढलेले. ७ आणि १७ मधला फरक त्या स्क्रीनवर नाहीच, तो फक्त हत्यारं बांधून घेतल्यावर दिसतो. त्यामुळे 'सॉफ्टवेअर आहे, रचना कशाला' हे मला पटत नाही. सॉफ्टवेअर वापरा की, पण बाकीची बटणं बंद करून, नुसती रेषा आणि वर्तुळ ठेवून.

यावर कोण म्हणेल, असेना का फरक, सामान्य माणसाला काय त्याचं. फरक पडतो. अमुक मास्तरांनी कोनाचे तीन समान भाग केले, दोन हजार वर्षांचा प्रश्न सुटला, अशा बातम्या मधूनच येतात, फोटोसकट, सत्कारासकट. माणूस प्रामाणिक असतो, आकृती मन लावून काढलेली असते, पण बातमी देणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही 'अजून कुणी केलं नाही' आणि 'होऊ शकत नाही' यातला भेद माहीत नसतो. पॅरिसच्या अकादमीनं १७७५ मध्येच ठरवून टाकलं की वर्तुळाचा चौरस करणाऱ्यांचे, म्हणजे पट्टी-कंपासनं वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढला म्हणणाऱ्यांचे, कागद इथनं पुढं तपासायचे नाहीत, इतका ताप झाला होता, आणि तो निघूच शकत नाही याचा खरा पुरावा यायला जर्मन गणिती लिंडेमानची, १८८२ ची वाट बघावी लागली.

आणि रामानुजन बघा. १९१३ ला त्यांनी वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढायची एक सुटसुटीत रचना छापली, त्यात पाय (π) म्हणजे ३५५/११३ धरलंय. त्याच लेखात त्यांनी लिहिलं की वर्तुळाचं क्षेत्रफळ १,४०,००० चौरस मैल असेल तर चौरसाच्या बाजूत साधारण एका इंचाची चूक येईल. एवढं वर्तुळ अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठं झालं, आणि चूक इंचभर! पण 'मी प्रश्न सोडवला' असं ते म्हणत नाहीत, चूक किती ते सांगतात. ही शिस्त शाळेत शिकवायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

एक आक्षेप ठरलेला आहे, की हे सगळं ग्रीकांचं, आपल्याकडं शुल्बसूत्रं, म्हणजे यज्ञाच्या वेदी आखायचे जुने नियम होते, ते शिकवा. शिकवाच. दोरी आणि खुंटी, म्हणजे पट्टी आणि कंपास दोन्ही एकाच दोरीत, आणि त्यावर बौधायनांनी कर्णावरच्या चौरसाचा नियम सांगितला, आयताएवढा चौरस कसा करायचा ते सांगितलं, वेदीचा आकार बदलून क्षेत्रफळ तेवढंच ठेवायचं सांगितलं. चौरसाचं वर्तुळ करायचा त्यांचा नियम पण आहे, अर्ध्या बाजूपेक्षा अर्धा कर्ण जेवढा जास्त भरतो त्याचा तिसरा हिस्सा अर्ध्या बाजूत मिळवायचा, ती त्रिज्या. त्यात पाय सुमारे ३.०९ पडतो. वेदी बांधायला पुरे. मला तर वाटतं आयताच्या चौरसाचा नियम आणि हा नियम शेजारी शेजारी ठेवून पोरांना विचारावं, यातला नेमका कुठला आणि अंदाजाचा कुठला, आणि तुम्ही कसं ओळखलं? जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ पंडितांनी अठराव्या शतकात युक्लिड अरबीवरून संस्कृतात आणला, त्यांना ग्रीक म्हणून तो टाकावासा वाटला नाही, आपण कशाला भांडत बसायचं.

शिक्षकांवर बोजा वाढेल हे मात्र खरं आहे. एका वर्गात साठ पोरं, पोर्शन संपवायचा, वरनं जनगणना, निवडणूक आणि कसली कसली ऑनलाइन माहिती भरायची, त्यांना सप्तकोनाचं घनसमीकरण शिकवा म्हणणं सोपं आहे. म्हणून मी धडा वाढवा म्हणत नाही. आहेत त्यातल्या दोन रचना कमी केल्या तरी चालेल. एनसीईआरटीच्या सहावीच्या २०२४ च्या नव्या पुस्तकात रचना खेळत खेळत शिकायला परत आल्यात, हे बरं झालं, पण सहावीत हात बसतो, 'का' विचारायचं वय दहावीचं आहे आणि नेमकं तिथंच ते गेलंय. आपल्या मंडळानं ती नक्कल करू नये एवढंच.

खरा बदल प्रश्नपत्रिकेत पाहिजे, कारण जे विचारलं जात नाही ते क्लासवाले शिकवत नाहीत, कोल्हापूर असो नाहीतर लातूर. रचना काढा याला एक मार्क कमी द्या आणि तो इकडं द्या: 'वरील रचनेतील काढलेली रेषा स्पर्शिकाच आहे, हे सकारण लिहा.' आणि एखाद्या वर्षी असं विचारा: '१५°, २०°, ४५° आणि ७२° यांपैकी कोणता कोन केवळ पट्टी व कंपास वापरून काढता येत नाही? उरलेल्यांपैकी कोणताही एक काढा.' ७२ ला पोरं अडकतील, पंचकोन कुणी शिकवलेला नसेल, पण १५ आणि ४५ काढणारी निघतील, आणि पुढच्या वर्षी क्लासच्या नोट्समध्ये पंचकोन आलेला असेल. नमुना उत्तरपत्रिकेत मात्र मॉडरेटरनी आधीच लिहून ठेवावं की २० च्या कोनाला कोनमापक लावून काढलेली सुबक आकृती कितीही देखणी असली तरी तिला शून्य.